ह्यांचं नुसतं नाव

६ फेब्रुवारी

आज त्या बाईने फोनवर ह्यांना नावाने हाक मारली. नुसत्या नावाने. साहेब नाही, राव नाही, आडनाव नाही, काही नाही. हे भांडी घासत होते, हात साबणाने भरलेले, म्हणून कोपराने स्पीकर लावला, आणि माझ्या स्वयंपाकघरात परक्या बाईच्या आवाजात माझ्या नवऱ्याचं नाव घुमलं. मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं निभावून गेलं.

ती म्हणजे ह्यांची नवी साहेबीण. ह्यांचा पंपांचा कारखाना गेल्या वर्षी परदेशी कंपनीने घेतला, तेव्हा त्यांची काही माणसं इथे येऊन बसली. ही त्यांतली वरची. आपली भाषा शिकून आली आहे, आणि बोलते ती व्याकरणाच्या पुस्तकासारखी. ऑफिसात पंखा चालू असला तरी गळ्यात मफलर असतो असं हे एकदा म्हणाले, तेव्हापासून मी तिला मफलरवाली म्हणते. वरवर हसण्यावारी नेते, पण मनातून हसू येत नाही.

फोन कशासाठी? तर पंपाच्या ड्रॉइंगमधलं एक माप विचारायला. तेवढ्यात तिने वाक्यागणिक नाव घेतलं. हे इकडून हसत होते. ते हसू मी घरात फारसं ऐकलेलं नाही.

मी स्वतः ह्यांचं नाव घेत नाही. कुणी मनाई केली होती असंही नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्याच म्हणायच्या, "अगं, घे की नाव, झिजतंय थोडंच!" माझ्या बहिणी आपापल्या नवऱ्यांना खुशाल नावाने हाका मारतात, धाकटी तर भर बाजारात ओरडते. माझं आधी लाजेने राहिलं, मग सवयीने. मग कधीतरी लक्षात आलं की न घेता घेता ते नाव माझ्याकडे जपून राहिलंय, कपाटातल्या कोऱ्या चादरीसारखं. आणि आता ही कोण कुठली येते, आणि ती चादर रोजच्या वापराला काढते.

लेकीला म्हटलं, तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, त्यांच्याकडे सगळे सगळ्यांना नावानेच बोलावतात. शिपायाला पण, चेअरमनला पण."

"मग बोलाव म्हणावं शिपायाला," मी म्हटलं.

हे सगळं कुणाशी बोलायचं? म्हणून ही डायरी. इथेही ह्यांचं नाव लिहीत नाही. हात वळत नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना हे म्हणाले, "तुला एक गंमत सांगू? त्यांच्या भाषेत माझ्या नावासारखाच एक शब्द आहे. त्याचा अर्थ पहाटेचा गार वारा."

ह्यांचं नाव म्हणजे ह्यांच्या आजोबांचं नाव. ते गेले आणि हे जन्मले, म्हणून ठेवलं. त्याला अर्थ असतो हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. आमच्या लेखी ते एका तापट म्हाताऱ्याचं नाव, नातवाला चिकटलेलं. आणि तिकडे जाऊन ते पहाटेचा वारा झालं! ज्यांना सकाळी उठवता उठवता माझ्या नाकीनऊ येतात, पांघरूण ओढलं तरी जे भिंतीकडे तोंड करून घोरतात, ते पहाटेचा वारा.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तिनेच."

मॅडम नाही, बाई नाही. ती.

लेक म्हणाली, "बाबा, भारी आहे की! आणि आईच्या नावाचा काय अर्थ होतो त्यांच्यात?" ह्यांनी ते विचारलं नव्हतं. "विचारतो," म्हणाले आणि भात वाढून घेतला.

नवा शर्ट आणलाय, फिकट हिरवा. स्वतः जाऊन. लग्न झाल्यापासून ह्यांचा एकही शर्ट मी आणल्याशिवाय घरात आला नव्हता. चांगला दिसतो, हे लिहिताना माझा तिळपापड होतोय, पण दिसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. ह्यांचा ड्रॉइंग विभाग या महिन्याच्या शेवटी बंद होणार. त्याच्या जागी नवा विभाग निघतोय, त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते मफलरवाली ठरवणार. ह्यांच्या वयात बाहेर दुसरी नोकरी मिळणं कठीण, आणि लेकीचं शिक्षण अजून व्हायचंय. हे म्हणतात, "चांगलं चाललंय, होईल." म्हणजे नोकरी तिच्या हातात आणि नाव तिच्या तोंडात. मी आपलं मूग गिळून बसायचं.

१३ फेब्रुवारी

आज बेकरीत तोंडावर पडले. मी तिथे केकवर नावं लिहिते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव देतं, मी क्रीमच्या पिशवीने ते वर उतरवते. आज एका चिठ्ठीवर एक नाव आलं. आपल्याकडे ते मुलीचं. मी आपली गुलाबी फुलं काढली, वेल काढली, फुलपाखरू काढलं. न्यायला आला तो बापच होता, आणि केक होता त्याच्या पोराचा. त्यांच्या लोकांत ते पहिलवानाचं नाव म्हणे! मालकीणबाई म्हणाल्या, "आजकाल सगळीकडची माणसं येतात ताई, विचारून घेत जा." फुलं खरवडून काढली आणि वर चॉकलेटचा फुटबॉल बसवला. फुलपाखरू तेवढं राहून गेलं. बापाने तसाच नेला.

मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांना छातीवर नावाच्या पट्ट्या दिल्यात. आपली गिऱ्हाइकं त्या वाचत नाहीत, ताई म्हणतात, मावशी म्हणतात. ह्यांच्या कारखान्यातली ती परदेशी माणसं मात्र पट्टी वाचतात आणि लगेच नावाने बोलायला लागतात. मला दर वेळी कुणीतरी पाठीत बोट खुपसल्यासारखं वाटतं. घरी तरी मला नावाने कोण हाक मारतं? ह्यांची मी 'अगं', लेकीची आई, शेजाऱ्यांची वहिनी. माहेरी गेल्यावर थोडं नाव निघतं, तेही अर्धंच.

१७ फेब्रुवारी

आज ती बेकरीत आली.

मफलर पाहूनच ओळखलं. लाल, जाड. मी समजत होते त्याहून वयाने मोठी निघाली, केस पिकलेले, आणि तरी देखणी, हे कबूल करते. माझी पट्टी वाचून तिने मला नावाने हाक मारली आणि म्हणाली, "आपण त्याची पत्नी ना? तो सदैव सांगतो, केकवर माझ्या बायकोचे अक्षर पाहा."

त्याची. तो. मला माझ्या नवऱ्याची ओळख करून देत होती.

मग चिठ्ठी काढली. तिच्या अक्षरात ह्यांचं नाव. नुसतं नाव, वर काही नाही, खाली काही नाही. "शुक्रवारसाठी हवा. मोठा, सर्वांना पुरेल असा. त्यावर केवळ हे नाव. आणि त्याला काही कळता कामा नये."

ह्यांचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. मी विचारलं, "केक कशासाठी?" तर डोळे मिचकावून म्हणाली, "ते शुक्रवारी समजेल!" बायकोला सांगून नवऱ्यापासून लपवायचं, असला धीटपणा मी आयुष्यात पाहिला नाही. आणि ते नाव मी लिहायचं, माझ्या हाताने, तिच्यासाठी. अंगाची लाही लाही झाली.

मी म्हटलं, "आधी श्री लिहू का? आणि पुढे आडनाव?"

ती हसली. "नको. कशाला?"

मग मी सगळं बोलून टाकलं. फार ओरडले नाही, काउंटरवर गिऱ्हाईक होतं. म्हटलं, "आमच्यात असं नुसतं नाव घेत नाहीत. ह्यांना यापुढे श्री लावून आडनावाने बोलवा. केकवर पण आणि ऑफिसात पण."

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "ही त्याची इच्छा आहे?"

"घरातल्या सगळ्यांचीच आहे."

"म्हणजे त्याचीही?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलले. त्या क्षणी मला ते खोटं वाटलंही नाही.

तिने चिठ्ठी परत घेतली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "आपल्या घराची इच्छा मी पाळीन. केक नको." मफलर सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, पण मी पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं.

पाणी! एका नावासाठी कुणी ऑफिसातली बाई रडते का? म्हणजे माझा संशय फुकटचा नव्हता.

१८ फेब्रुवारी

हे घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आज मीटिंगमध्ये मॅडम मला श्री लावून आडनावाने बोलल्या. काय झालंय कुणास ठाऊक."

मॅडम! मी मनातल्या मनात फुगडी घातली. वरून म्हटलं, "बरं झालं की. तेवढाच मान."

जेवण आज फार छान झालं होतं. लेकसुद्धा म्हणाली.

२० फेब्रुवारी

ह्यांचं जेवणात लक्ष नाही. आता तिथली ती सगळीच माणसं आडनावाने बोलतात म्हणे. सकाळी जो पोरगा ह्यांच्या खांद्यावर हात टाकून लिफ्टमध्ये शिरायचा, तोही 'श्री' म्हणाला आणि जिन्याने गेला.

"माझं काही चुकलं असेल," हे म्हणाले.

"विचारा मग."

"काय विचारू? मला नावाने का बोलवत नाही, असं? बरं दिसतं का ते?"

लेकीने सुचवलं, "बाबा, मी विचारू? मला त्यांची भाषा थोडी येते." तिला हे जरा जोरातच नाही म्हणाले.

मला काय वाटलं ते खरं खरं लिहिते. माझा जळफळाट झाला. तिने नाव घेणं सोडलं तर माणूस एवढा उतरतो? मी जन्मभर 'अहो' म्हणत आले, तेव्हा कधी ह्यांचा चेहरा पडला नाही. तिने नाव घेणं ह्यांना एवढं हवं होतं तर! मी योग्य वेळी पाऊल उचललं म्हणायचं.

२३ फेब्रुवारी

हिरवा शर्ट कपाटात खाली गेला, जुन्या स्वेटरांच्या खाली. मीच इस्त्री करून पुन्हा वर ठेवला होता, संध्याकाळी पाहिलं तर परत खाली.

कँटीनमध्ये हे बसले की ती माणसं आपापले कप उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. भांडण नाही, अपशब्द नाही, अगदी शिस्तीत. ड्रॉइंग दाखवायला गेले तर मॅडमनी स्वतः घेतलं नाही, दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. नव्या विभागाचा प्रमुख म्हणून आता दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

"आता?" मी विचारलं. "म्हणजे आधी कुणाचं चाललं होतं?"

हे ताट उचलून मोरीकडे गेले. लेकीने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही मुद्दाम टोचून बोलले. मला खरंच माहीत नव्हतं.

मान दिला तर माणसं उठून जातात, ही कुठली रीत? मला वाटतं ती बाई सूड उगवतेय. तिला हवं ते मिळालं नाही, म्हणून सगळ्यांना फितवलं. हे एवढे साधे, त्यांना हे दिसत नाही.

रविवारी ह्यांनी गॅलरीतल्या कुंड्या पुसल्या. कुंड्या कुणी पुसतं का!

२५ फेब्रुवारी

रात्रीचा स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसलेय.

दुपारी बेकरीत एक तरुण बाई आली, त्याच परदेशी लोकांपैकी. तिचा नवरा ह्यांच्याच कारखान्यात आहे. तिचे वडील तिकडून आले होते, त्यांच्यासाठी केक हवा होता. चिठ्ठीवर बापाचं नुसतं नाव. मी फुलपाखरापासून शहाणी झालेय, म्हणून विचारलं, "वडील आहेत ना? आदरणीय लिहू? निदान श्री?"

तिने चिठ्ठीवर हातच ठेवला. "नको, नको! बाबा टेबलावरून उठून जाईल!"

आपली भाषा ती तोडकी मोडकी बोलते, पण सगळं समजलं. त्यांच्यात लहानमोठा असं नाही, सगळे नावाने. नावाने बोलवणं म्हणजे तू आमच्यातला. ज्याच्याशी संबंध तोडायचा, त्यालाच मान लावतात. माणूस दुखावला गेला की तो घरच्याच कुणाच्या तरी तोंडून निरोप पाठवतो, यापुढे मला नावाने बोलवू नका. एकदा तसा निरोप आला की त्याच्याशी बोलणं बंद. त्याला का म्हणून विचारायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही. तो त्याचा हक्क, म्हणाली.

मी क्रीमची पिशवी हातात धरून उभी होते. ती आपल्याच नादात पुढे सांगत होती. "आता माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात झालं. एक माणूस, फार चांगला. त्याला मोठा करणार होते, नव्या विभागाचा. आमची मोठी बाई त्याच्यासाठी केक पण सांगायला गेली. आणि त्याच्या बायकोने निरोप दिला. बाई दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, मी त्याचं काय वाईट केलं?"

"मग आता त्या माणसाचं काय?"

"काय होणार? ज्याने दार लावलं, त्याला काम कसं देणार? महिना संपला की जाईल." मग माझ्या हाताकडे बघून, "ताई, क्रीम!"

पिशवी दाबली जाऊन सगळं क्रीम केकच्या मधोमध सांडलं होतं. मी ते सारखं करत विचारलं, जणू सहजच, "परत नाव द्यायचं असेल तर?"

"देता येतं. ज्याच्या तोंडून गेलं, त्याच्याच तोंडून परत यायचं. सगळे असतील तिथे मोठ्याने नाव घेऊन हाक मारायची. बस."

"केकवर लिहून पाठवलं तर नाही चालणार?"

ती हसली. "लिहून कसं? नाव तर कानाने घ्यायचं."

म्हाताऱ्याचा केक सुरेख झाला. नुसतं नाव. त्यासाठी मी इतका वेळ लावला की मालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या.

२६ फेब्रुवारी

आज मी कुठेही गेले नाही. बेकरीला बरं नाही म्हणून कळवलं.

एक विचार मनात येऊन गेला, तो इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार. गप्प बसले तर? नोकरी जाईल, ठीक आहे, आपण दोघं काहीतरी करू. पण ती बाई कायमची जाईल. पहाटेचा वारा बंद होईल. हे घरी असतील, माझ्यासमोर, माझे. सकाळभर मी हा विचार चघळत बसले, आणि लाज वाटण्याऐवजी बरं वाटत होतं.

मग हे आले. लेकीच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची गोष्ट निघाली, तर हे म्हणाले, "बघू, तिला एक वर्ष थांबता येईल का." असं अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारत होते. लेक म्हणाली, "चालेल बाबा, काही बिघडत नाही." दोघांपैकी कुणाकडेच मला बघवेना.

ह्यांना सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण हे रागावणार नाहीत. नुसते बघतील. ते मला सोसणार नाही.

न्हाणीघरात नळ सोडून नाव घ्यायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर आलं, पुढचं येईना. भाजीवाल्याला एवढ्या लांबून हाक मारणारी मी.

२७ फेब्रुवारी

गेले. जाऊन आले. सगळं नीट लिहायला हवं.

कारखान्याच्या दारात सांगितलं, मॅडमना भेटायचंय. आडवा काचेचा कॉरिडॉर, मग तिची खोली. भिंतीवर पंपाची मोठमोठी चित्रं. ती मला पाहून उभी राहिली आणि मला 'श्रीमती' म्हणून आडनावाने बोलावलं. आठवडाभरापूर्वी हे ऐकून मी खूश झाले असते.

म्हटलं, "तो निरोप ह्यांचा नव्हता. ह्यांना माहीतही नाही. तो माझा होता."

"आपण मला क्षमा करा, पण का?"

आता काय सांगायचं? सांगितलं. "आमच्यात मान म्हणजे मानच. तुमच्यात त्याचा अर्थ असा होतो हे मला ठाऊक नव्हतं. पण मी मानासाठीही बोलले नव्हते. तुम्ही ह्यांचं नाव घेता ते मला सहन झालं नाही. मी स्वतः कधी घेत नाही."

तिला ते कळेना. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आपण पत्नी असून त्याचे नाव घेत नाही? मग त्याला काय म्हणता?"

"अहो."

"त्याचा अर्थ?"

"काही नाही. कुणालाही म्हणतात. भाजीवाल्याला पण."

तिने मफलर सोडून टेबलावर ठेवला. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. "त्याच्यात आणि माझ्यात काही आहे असे आपल्याला वाटले?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. "माझा थोरला भाऊ असाच रेषा ओढतो," ती म्हणाली. "न बोलता. म्हणून मला तो आवडतो. एवढेच."

हे ऐकून माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं का? थोडं झालं. भावासारखा का होईना, आवडतो म्हणालीच ना.

"विभागाचा निर्णय आज संध्याकाळी वर जाणार आहे," ती म्हणाली. "त्याचे नाव आपण परत देत नाही, तोवर मी ते वर पाठवू शकत नाही. मी आपल्या जागी बोलू शकत नाही. आता कँटीनमध्ये सर्व जण आहेत."

आम्ही दोघी कँटीनच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. मोठा हॉल, कपांचा, खुर्च्यांचा आवाज. हे अगदी शेवटच्या टेबलावर, दाराकडे पाठ करून. समोर एक कप. आजूबाजूच्या चारही खुर्च्या रिकाम्या. मानेवरचे केस कापायला झालेत, हे मला घरात दिसलं नव्हतं.

तोंड उघडलं, आवाज फुटेना. मफलरवालीने माझ्याकडे पाहिलं नाही, समोर बघत राहिली. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. मग मी डोळे मिटले आणि हाक मारली.

नुसतं नाव. माझ्या कल्पनेपेक्षा फार मोठ्याने. हॉल एकदम शांत झाला. कुणाचा तरी चमचा खाली पडला.

हे खुर्चीतच वळले. आणि ह्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की आमच्या लग्नात नाही, लेक झाली तेव्हा नाही, मी कधीच तसा पाहिला नव्हता. डोळे उघडून मी तेच पाहिलं. हे तिच्याकडे बघत होते. मी तिच्या शेजारी उभी होते, खांद्याला खांदा लावून, आणि हे तिच्याकडे बघत होते.

तिला ते कळलं. तिने घाईघाईने माझ्याकडे हात केला, काहीतरी सांगणार होती. मी तिचा हात धरून खाली केला. मग तीही म्हणाली, ह्यांचं नाव, नेहमीच्या आवाजात. त्याबरोबर सगळीकडून तेच सुरू झालं. खुर्च्या सरकल्या, कुणी कप घेऊन ह्यांच्या टेबलावर गेलं, लिफ्टवाल्या पोराने ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. सगळ्या हॉलमध्ये माझ्या नवऱ्याचं नाव चाललं होतं.

मग कुठे ह्यांना मी दिसले. "अगं? तू इकडे कशी? घरी सगळं ठीक आहे ना?"

"किल्ली विसरले," मी म्हटलं.

संध्याकाळी हे आले ते पेढ्यासारखं तोंड करून. विभाग ह्यांना मिळाला. प्रमुख म्हणून. लेकीने उड्या मारल्या, तिचं एक वर्ष वाचलं. हिरवा शर्ट स्वेटरांखालून निघाला, उद्यासाठी. मी तो इस्त्री करत होते, तेव्हा हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"काय झालं होतं ते काही शेवटपर्यंत कळलं नाही बघ," म्हणाले. "पण आज तिने हाक मारली मला. सगळ्यांसमोर, केवढ्या मोठ्याने."

"हो," मी म्हटलं. "ऐकली मी."